दोनशेचा घोडा, दहाची दावण

१

बंगळूरच्या बाईंनी बड्या मंडळींसमोर नवं कार्ड यंत्रात खोचलं, आणि कार्डाने भर सभेत आपलं नाव खोटं सांगितलं.

कार्ड दोनशे गिगाबिटचं होतं. नेटवर्कच्या दुनियेतला उमदा अरबी घोडा. पापणी लवायच्या आत अख्ख्या गावाचे सिनेमे या वेशीवरून त्या वेशीवर नेऊन टाकील असा. पण पडद्यावर अक्षरं उमटली ती अशी : दहा गिगाबिट, तांब्याची तार, जुनी जात. भरल्या मांडवात नवरदेवाने आपणहून म्हणावं की मी वाजंत्री, तसं झालं. सभेत कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू तारेतून धावत निघालं आणि मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत, मावा-जिलेबीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत येऊन आदळलं.

त्या दोन खोल्या म्हणजे ‘केळफूल सिस्टिम्स’. असल्या कार्डांना आणि संगणकाला एकमेकांची बोली कळावी म्हणून मधला प्रोग्राम इथे लिहिला जाई. ड्रायव्हर म्हणतात त्याला. मालक लीलाधर महाजन. फोन कधीच बंद झाला होता, तरी तो त्यांच्या कानाला चिकटलेलाच होता.

“ताई,” ते म्हणाले, “मेलो मी.”

जिना चढून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, वैजयंतीबाईंनी, हातातला पितळी डबा टेबलावर ठेवला आणि पदराने कपाळ टिपलं. “मेलेल्या माणसाला इतका घाम येत नाही, लीलाधर. भरीत आणलंय. कळण्याची भाकरी आहे. आधी सांग काय झालं.”

“बंगळूरवाल्या बाईला नाव पायजे. संध्याकाळपावतर. म्हणे, जिसने किया, वो मेरे काम पे नहीं रहेगा. नाव नाही दिलं, तर काम काढून घेऊन राह्यली ती. आणि तेवढ्या एका कामावर तर उभे आहोत आपण.”

“मग दे नाव.”

“तेच तर! तृप्तीच्या हातून झालंय, हे प्रोग्रामच्या नोंदीत लिहिलेलंच आहे. पण ती म्हणते, भूषणनं सांगितलं तसं केलं. भूषण म्हणतो, मी बरोबर सांगितलं. दोघंही देवाची शपथ घेतात, तीही एकाच देवाची! एक जण खोटं बोलून राह्यलं ताई. कोण ते तू सांग. तुझं आयुष्य गेलं कोर्टात.”

वैजयंतीबाईंचं आयुष्य खरंच कोर्टात गेलं होतं, पण वकील म्हणून नाही. त्या दुभाषी होत्या. तापीकाठचा शेतकरी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून आपल्या बोलीत बोले, आणि वैजयंतीबाई ते हिंदीत जजसाहेबांपुढे ठेवत. एकाच्या ओठातलं दुसऱ्याच्या कानात, सांडू न देता. निवृत्त झाल्यावर त्यांनी घागर खाली ठेवली, पण हाताची सवय जाईना. कुठे शब्द सांडला की त्यांना पावलाला ओल लागल्यासारखं होई. आणि तसं झालं की त्या ओवी रचत. आताही त्या पुटपुटल्याच :

दोनशेचा गं घोडा, दहाच्या दावणीला
कुणी बांधिला बाई, कुणाच्या सांगणीला

“ओव्या नको ताई,” लीलाधर रडकुंडीला आले, “नाव पायजे!”

२

तृप्ती निकम आतल्या खोलीत ताठ बसली होती. रडून झालेल्या माणसाचा ताठपणा. वडील वसंतराव साताऱ्याकडून कागद गिरणीत नोकरीला आले, गिरणीच्या वसाहतीत राहिले, आणि निवृत्तीनंतर बुऱ्हाणपुरात दोन खोल्या घेऊन स्थिरावले. आई गेल्यापासून बापलेक दोघंच. असलं काम करणारी कचेरी गावात ही एकच होती. इथून उठायचं म्हणजे पुण्याला जायचं, आणि वसंतरावांना चहात साखर किती घालतात हेही माहीत नव्हतं.

“मला समजेल असं सांग पोरी,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “मला फक्त शिवणयंत्र कळतं, असं समज.”

तृप्तीने पडदा त्यांच्याकडे वळवला. ओळीखाली ओळ, पंगत बसावी तशी.

“मावशी, जोडणीच्या जाती खूप असतात. दहाची, पंचवीसची, चाळीसची, शंभरची. त्यात कुणाची तार तांब्याची, कुणाची काचेची. प्रत्येक जातीला इथे एक नाव आणि एक नंबर आहे. कार्ड नाव सांगत नाही, नुसता नंबर सांगतं. मग सिस्टिम ही फाइल वरून खाली वाचत जाते. नंबर जुळला की थांबते आणि तिथलं नाव पडद्यावर दाखवते. वेगही त्यावरूनच ठरवते.”

“खाली आणखी एखादं नाव त्याच नंबराचं असलं तर?”

“बघतच नाही. वरचं पहिलं सापडलं की संपलं.”

“आणि तू त्या दोनशेवाल्याला...”

“जुन्या दहावाल्याचा नंबर दिला.” तृप्तीचा आवाज बारीक झाला. “तांब्याच्या तारांचा गट आहे ना, त्यातला शेवटचा नंबर. भूषणसरांनी तोच द्यायला सांगितला होता.”

“ज्या घरात माणूस राहतोय, तिथे दुसरं बिऱ्हाड घातलंस. खटकलं नाही?”

“खटकलं ना मावशी! पण हे बघा.” तिने वरच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. “इथे आधीपासून दोन नावांना एकच नंबर आहे. मुद्दाम ठेवलाय. एक जुनं नाव, एक नवं. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून. मला वाटलं, सरांचं तसंच काही असेल. तरी मी फोनवर विचारलं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा हो म्हणाले. आता म्हणतात, मी असं बोललोच नाही.”

“म्हणजे तो खोटारडा.”

तृप्तीने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “मावशी, मला काम शिकवलं ते त्यांनी. ते खोटं बोलतील असं वाटत नाही. पण मग मी खोटी ठरते.”

कोर्टात वैजयंतीबाईंनी पुष्कळ खोटे साक्षीदार पाहिले होते. त्यांतल्या एकानेही समोरच्याची बाजू घेतली नव्हती.

३

भूषण दापोऱ्याचा. घरी केळीची शेती, डोक्यात नेटवर्क. कचेरीत त्याचा शब्द म्हणजे पक्की सही. वैजयंतीबाईंना पाहून तो उठला आणि स्वतःची खुर्ची पुढे केली.

“बसा ताई. विचारायचं ते विचारा. मी तिला रिकामा नंबर द्यायला सांगितला. यात वाकडं काय आहे?”

“रिकामा म्हणजे?”

“तांब्याच्या गटात एक नंबर रिकामाच आहे. पूर्वी एक जात बाजारात येणार होती, आलीच नाही. तिची ओळ काढून टाकली, तिचा नंबर तसाच राहिला. पंगतीतून एक जण उठून गेला, पाट तिथेच.”

“पण ओळच काढली, तर पाट दिसणार कसा?”

“मोजलं की दिसतो! वीस, एकवीस, आणि एकदम तेवीस. पोरीला एवढं दिसू नये? तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हणालो. तरी जाऊन बसवलं कुठं, तर दहावाल्याच्या मांडीवर! आता याला काय म्हणायचं? एक तर मुद्दाम, नाही तर डोकं ठिकाणावर नव्हतं.”

बोलताना त्याची नजर एकसारखी मोबाइलवर जात होती. वैजयंतीबाईंनी मोबाइल उचलला. कव्हराच्या कडेला पिवळा ठसा होता, अंगठ्याएवढा.

“हळद,” त्या म्हणाल्या.

भूषणचा चेहराही त्याच रंगाचा झाला.

“कुणाची?”

“चुलतभावाची. लग्न होतं दापोऱ्यात.” तो खुर्ची नसल्यामुळे टेबलाच्या कोपऱ्यावरच टेकला. “काय सांगू ताई. सकाळी केळीची ट्रॉली खाली केली, आणि तसाच मांडवात शिरलो. तेवढ्यात तृप्तीचा फोन. इकडे बँड, तिकडे काकू हळद घेऊन मागं लागलेल्या. तिला सांगितलं नंबराचं. नंतर तिनं लिहून पाठवलं. ते मी तपासून मंजूर करायचं असतं.”

“आणि तपासलंस?”

भूषणने पिवळ्या ठशाकडे पाहिलं. “मंजूर केलं,” तो म्हणाला.

“न बघता.”

“अंगठा हळदीचा होता ताई. वर-खाली सरकवलं तर सगळा पडदा पिवळा झाला असता.”

वैजयंतीबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड ठेवलं. भूषणने लपवलं होतं ते हे. पण हळदीने नंबर बदलत नाही. बदललेला नंबर तपासताना सुटला, एवढंच त्यातून कळत होतं. तो मुळात बदलला कसा?

“अजून कुणी तपासतं का रे?”

“समाधान,” भूषण घाईने म्हणाला. बुडत्याला कुणीतरी सोबत लागतंच. “त्यानं कार्ड लावून बघायचं असतं. त्यानं तर ‘पास’ लिहून दिलं. आता तुम्हीच सांगा, कार्ड लावलं असतं, तर पडद्यावर ‘दहा’ आलेलं त्याला दिसलं नसतं?”

४

समाधान बाहेर जिन्यावर बसून काहीतरी चघळत होता. वैजयंतीबाई दिसताच त्याने तोंड बंद केलं, पण गाल फुगलेलाच राहिला.

“काय खातोस?”

“काई नाई मावशी.”

“काहीच नाही, तर वाजतंय काय?”

समाधानने गिळलं. घशातून खोबऱ्याचा तुकडा खाली उतरताना स्पष्ट दिसला. वैजयंतीबाईंनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. केसांच्या मुळाशी कुंकवाची रेघ अर्धवट पुसलेली.

“इच्छापूरच्या देवीला जाऊन आलास.”

“तुमाले कसं कळलं?”

“देवीच्या नारळाचं खोबरं माणूस लपून खात नाही. लपून खाल्लं म्हणजे काम सोडून गेला होता. आज गेलास?”

“आज पहाटे आभार मानाले गेलो होतो. नवस त्या दिवशी बोललो.” समाधानने हात जोडले. “मावशी, भूषणभाऊच्या भावाचं लगन झालं. तो माझ्याहून लहान! आमच्या मायनं दोन घास जेवू नाई दिलं मले. म्हणे, जा, देवीच्या पाया पड, कुठून तरी पोरगी येऊ दे. म्हणून गेलो. कार्ड तवा आलंच नव्हतं. प्रोग्राम तयार झाला का, बघितलं. झाला. एकही चूक दाखवली नाई यंत्रानं. मग ‘पास’ लिहिलं.”

“कार्ड न लावता.”

“कार्ड नव्हतंच तर लावू काय, नारळ?”

“आणि आता ते कुठे आहे?”

समाधानने आत बोट दाखवलं. कपाटाच्या डोक्यावर एक खोका होता. वरची चिकटपट्टीही फाडलेली नव्हती.

“यंत्राने चूक दाखवली नाही म्हणालास,” वैजयंतीबाईंनी विचारलं. “एका नंबरावर दोन नावं, आणि यंत्राला चालतं?”

“त्याले काय! नावं वेगळी हाएत ना. दोघांचं मोल एकच असलं तरी यंत्र बोलत नाई. ते म्हणते, तुमचं तुमी बघा.”

“देवीने आभार मानण्यासारखं काही दिलं का मग?”

समाधान लाजला. “एका घरून फोन आला.”

म्हणजे याची झोळी स्वच्छ होती. आळशी, पण स्वच्छ. एकाने न बघता मंजूर केलं, एकाने न लावता पास केलं. पण दोघांच्याही आधी कुठेतरी दहाचा नंबर दोनशेच्या गळ्यात पडला होता. आणि त्या जागी माणसं दोनच होती. एक सांगणारा, एक ऐकणारी.

आतून लीलाधर ओरडले, “ताई, बाईचा पुन्हा फोन! विचारते, नाम मिला क्या? मी तृप्तीचं सांगून टाकू का?”

५

“नाव दिलंस तर भरीत मिळणार नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि लीलाधरांनी फोन खाली ठेवला. भरिताचा धाक त्यांच्यावर लहानपणापासून चाले.

सगळे जेवायला बसले. जेवण कसलं, चौघं चार दिशांना तोंड करून घास गिळत होते. फक्त समाधान मनापासून जेवत होता. डब्यात घासभर भरीत उरलं. वैजयंतीबाईंनी घरी परतायची तयारी दाखवण्यासाठी उगाच पदर सावरला. पेचातली माणसं पाहुणा उठायला लागला की मोकळं बोलतात, हा त्यांचा कोर्टातला अनुभव.

भूषण आदबीने म्हणाला, “तृप्ती, ताईंचा डबा खाली कर.”

तृप्ती निमूट उठली. तिने टेबलावरचा डबा उचलला आणि जमिनीवर ठेवला.

भूषण बघतच राहिला. “हे काय?”

“काय हे काय?”

“डबा खाली कर म्हणालो मी!”

“मग केला की!”

“बघा!” भूषण ताडकन उठला. “मालक, बघा! ताई, तुमच्या डोळ्यांदेखत! एक सांगावं, ही दुसरं करते. आणि वर तोंड करून म्हणते, सांगितलं तेच केलं!”

“सांगितलं तेच केलं!” तृप्ती कडाडली. आता रडणं मागे पडून राग पुढे आला होता. “डबा कुठे आहे? वर आहे का? सांगा ना, वर आहे का?”

“वर-खालीचा काय संबंध इथं?”

लीलाधरांनी कपाळावर हात मारला. समाधानने संधी साधून डब्यातला शेवटचा घास भाकरीने पुसून घेतला, आणि अशा रीतीने डबा एकदाचा भूषणच्या मनासारखा झाला.

वैजयंतीबाई मात्र जमिनीवरच्या त्या डब्याकडे, हरवलेली अंगठी दिसावी तशा बघत होत्या.

“भूषण,” त्या हळूच म्हणाल्या. “एकच सांग. त्या दिवशी मांडवातून तू तिच्याशी कोणत्या भाषेत बोललास?”

६

“हा काय सवाल झाला?” भूषण गोंधळला. “आम्ही बोलतो तसंच. म्हणजे... रोज कचेरीत हिंदीतच बोलतो कामाचं.”

“त्या दिवशी?”

भूषणने आठवलं. “त्या दिवशी मराठीत. चारी बाजूंना मावश्या-काकू होत्या ना. हिंदी फाडली असती, तर म्हणाल्या असत्या, साहेब झाला केळीवाला.”

“आता दोघं इकडे या. तृप्ती, तू या कानाशी. भूषण, तू त्या. मला ‘म्हणजे’ नको, ‘अर्थात’ नको. कोर्टात साक्षीदाराला विचारलं, तो काय बोलला, की साक्षीदार अर्थ सांगतो. अर्थ त्याचा स्वतःचा असतो. मला फोनवरचे शब्द हवेत. जसेच्या तसे. सांगा.”

दोघं वाकले. लीलाधर श्वास रोखून बघत राहिले. वैजयंतीबाईंच्या डाव्या कानात तृप्ती कुजबुजली, उजव्या कानात भूषण. मग बाईंनी दोन्ही कान चोळले आणि मोठ्याने म्हणाल्या :

“‘तांब्याच्या गटात खाली नंबर आहे, तो दे.’ डाव्या कानातही हेच. उजव्या कानातही हेच. एक मात्रा कमीजास्त नाही.”

खोलीत खालच्या दुकानातल्या तुपाचा वास तेवढा हलत होता.

“तृप्तीने काय विचारलं होतं?”

“‘खाली आहे तोच ना?’” तृप्ती म्हणाली.

“आणि तू काय म्हणालास?”

“‘हो, खाली आहे तोच.’” भूषण म्हणाला. “आणि तिनं पुन्हा विचारलं, ‘नक्की खाली?’ मी म्हणालो, ‘अगदी खाली.’” आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज विहिरीत पडल्यासारखा झाला. त्याने जमिनीवरच्या डब्याकडे पाहिलं. “अरे देवा.”

“काय अरे देवा?” लीलाधर कळवळले. “मले कोणी सांगेल का?”

“तुझ्या कचेरीत चोर घुसलाय लीलाधर, आणि तो दोन अक्षरांचा आहे.” वैजयंतीबाईंनी डबा उचलून टेबलावर ठेवला. “भूषणचा ‘खाली’ हिंदीतून आलेला. ट्रॉली खाली केली, म्हणजे रिकामी केली. त्याने मराठी वाक्यात तो तसाच बसवला. आपण इकडे सगळेच बसवतो, आपल्या लक्षातही येत नाही. तृप्तीच्या घरी साताऱ्याची मराठी. रोज हा तिच्याशी हिंदीत बोलतो, तेव्हा ‘खाली’ म्हटलं की तिला रिकामंच कळतं. पण त्या दिवशी तो मराठीत बोलला. तिने मराठीतला अर्थ घेतला. खाली, म्हणजे तळाशी. गटात अगदी खाली जो होता, तो नंबर दहावाल्याचा. तोच तिने दिला. आणि रिकाम्या नंबराची तर ओळच नव्हती, मग तिच्या डोळ्यांना तो दिसणार कसा?”

“पण तिनं मला सांगताना तर ‘शेवटचा नंबर’ म्हटलं होतं...” लीलाधर पुटपुटले.

“आणि भूषणने ‘रिकामा’ म्हटलं. तेच तर! वडीलधाऱ्यांशी बोलायचं म्हणून दोघांनीही शुद्ध शब्द काढले. दोघांनी अर्थ सांगितला आणि खरा शब्द धुऊन टाकला. तुला दोन वेगवेगळी वाक्यं ऐकू आली, म्हणून एक खोटं वाटलं. दोघंही खरंच बोलत होते.”

त्यांनी डोळे मिटले, आणि आता ओवी थांबवणं कुणालाच जमलं नसतं :

एका शब्दाला दोन घरं, एक रितं एक तळाशी
पाहुणा गं उभा राही, दोन्ही दारांच्या मधाशी

समाधानने मान डोलावली. “मावशी, आमच्या लग्नात तुमीच गा.”

भूषण आणि तृप्ती एकमेकांकडे न बघता एकाच जमिनीकडे बघत होते.

“डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणालो मी तुला,” तो म्हणाला.

“मी तर मनात याहून वाईट म्हटलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“ते राहू दे ना सर.”

लीलाधरांच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला नव्हता. “हे सगळं ठीक आहे ताई,” ते म्हणाले. “पण बाईले नाव पायजे. मी काय सांगू तिले, ‘खाली’चं नाव लिहून घ्या?”

आणि नेमका फोन वाजला.

७

बंगळूरच्या बाई पडद्यावर दिसू लागल्या. त्यांच्या मागे सकाळच्या सभेतली दोन बडी माणसं उभी होती. एकाच्या ओठांवर अजूनही सकाळचं हसू होतं.

“महाजनजी, नाम बताइए.”

लीलाधरांनी तृप्तीकडे पाहिलं. लिहिणारा हात तिचा होता, कागदोपत्री तीच सापडत होती, आणि तिला काढून टाकलं की काम राहणार होतं. भूषण गेला, तर ड्रायव्हर लिहिणार कोण? मालकांच्या डोक्यात हिशेब चालू होता तो सगळ्यांना त्यांच्या कपाळावर वाचता आला. तृप्तीलाही. तिने पिशवी उचलून खांद्याला लावली.

“मॅडम,” लीलाधर खाकरले, “वो अपनी नई लड़की है...”

“मेरा नाम लिखिए,” भूषण मध्येच म्हणाला. तो पडद्यासमोर येऊन उभा राहिला. “बताया मैंने था. मंजूर भी मैंने किया. बिना देखे.”

लीलाधरांनी त्याचा सदरा मागून ओढला. सदरा ताणला, माणूस हलला नाही.

“नहीं मॅडम,” तृप्तीने पिशवी खाली टाकली. “नंबर मैंने डाला. खटका था मुझे, फिर भी डाला. मेरा नाम.”

“तू गप्प बैस,” भूषण म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा सर. हळद लावून घ्यायला गेला होता ना, घ्या आता.”

“मी सीनियर आहे!”

“मग सीनियरसारखं बघून मंजूर करायचं होतं!”

समाधानने सगळ्यांकडे बघितलं, मग हात वर केला. “मॅडम, मेरा भी ले लो. मैंने कार्ड लगाया ही नहीं था.”

“अरे बाबांनो!” लीलाधर मटकन खाली बसले. “सकाळपासून एक नाव मिळेना, आता एका चुकीवर तीन-तीन नावं! काय रोग लागलाय या कचेरीला!”

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी विचारलं, नक्की झालं काय. वैजयंतीबाई पुढे झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेणाऱ्या बाईंनी त्या कचेरीची अख्खी सकाळ हिंदीत ओतली. ट्रॉली, मांडव, डबा, सगळं. ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच तिथे भाकरी खात बसलो होतो. मागच्या बड्या माणसाचं हसू आता वेगळं झालं होतं. त्याने रुमाल काढला.

“लेकिन,” बंगळूरच्या बाई भुवया उंचावून म्हणाल्या, “हमारे कन्नड में भी खाली मतलब खाली ही होता है.”

“कौन-सा खाली?” चौघांनी एकदम विचारलं.

यावर त्या हसल्या. खळखळून, चष्मा काढून.

“महाजनजी, मैंने नाम इसलिए माँगा, क्योंकि जहाँ गलती होती है वहाँ लोग छिपते हैं. आपके यहाँ तो लाइन लगी है.” मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि आवाजही कडक केला. “नाम रहने दो. शाम तक नंबर ठीक करो. कार्ड लगाकर दिखाओ. दो सौ नहीं आया, तो काम वापस लूँगी, और तब कोई कहानी नहीं सुनूँगी.”

पडदा काळा झाला.

सगळे कामाला लागले. तृप्तीने फाइल उघडली. एकवीस आणि तेवीसच्या मधे एक ओळ घातली आणि दोनशेवाल्याला त्याचं हक्काचं घर दिलं. भूषणने हात साबणाने धुतले, पुसले, आणि एकेक ओळीवर बोट ठेवून वाचलं, जणू पहिलीतलं पोर. समाधानने कपाटावरचा खोका उतरवला, चिकटपट्टी फाडली, आणि कार्ड यंत्रात बसवण्याआधी त्याला नमस्कार केला. ड्रायव्हर चढला. पंखे घोंगावले. लीलाधरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“काय आलं?” त्यांनी विचारलं. “दहा असेल तर सांगू नका.”

कुणी सांगेना. शेवटी त्यांनी स्वतःच एक डोळा उघडला.

पडद्यावर लिहिलं होतं : दोनशे गिगाबिट, तांब्याची तार.

समाधानने पडद्याचा फोटो काढून बंगळूरला पाठवला. उलट टपाली एक अंगठा आला, नुसताच, पिवळा. तो मोबाइलमध्ये असतोच पिवळा. पण भूषणला उगाच ठसका लागला.

तृप्ती पिशवी घेऊन दाराशी थांबली होती. बाईंनी ‘नाम रहने दो’ म्हटलं होतं, मालकांनी अजून काहीच म्हटलं नव्हतं. जिना उतरावा तर कसा, कायमचा की आजच्यापुरता, ते तिला कळत नव्हतं. वैजयंतीबाईंनी भावाच्या बरगडीत कोपर मारलं. मघाशी लीलाधरांच्या ओठांवर तिचं नाव येऊन थांबलं होतं, ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

लीलाधर दोनदा खाकरले. क्षमा मागायची त्यांना सवय नव्हती.

“हं, तृप्ती,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “उद्या जरा लवकर ये.”

तृप्तीने पिशवी खांद्यावरून काढली, परत आत आली, भिंतीवरच्या फळ्यासमोर उभी राहिली आणि खडू त्यांच्यापुढे धरला.

“लवकर म्हणजे किती, मालक? आकड्यात लिहा.”